जोतीरामाची मिशीवाली अक्षरं

कोल्हापुरात आवाज न चढवता बोलणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर परगावचा. जोतीराम लोहार या दोन्हींत बसत नव्हता. जन्म जिल्ह्यातल्याच मुरगूडचा, धंदा तीस वर्षं उद्यमनगरात, तब्येत ठणठणीत. पण बोलायचा असा, की समोरच्यानं कान पुढं करावा. चहावाल्याला "एक हाफ" म्हणायचं तरी तो आधी घसा साफ करायचा, आणि तोवर चहावाला किटली घेऊन पुढं गेलेला असायचा. शेजारच्या गॅरेजचा मालक गोमटेश मगदूम म्हणायचा, "जोत्या, तू रस्त्यात चक्कर येऊन पडलास तरी हळूच पडशील बघ. आवाज व्हायला नको म्हणून."

ओरडायची ती त्याची अक्षरं.

नाल्यावर टाकलेल्या फरशीवर त्याचं सहा बाय आठचं दुकान होतं. गाड्यांवर चिकटवायच्या चकचकीत रेडियमच्या कागदातून अक्षरं कापून द्यायची, हा धंदा. बाकीच्यांनी केव्हाच मशिनी घेतल्या होत्या. संगणकावर नाव टाइप केलं की मशीन कुरकुर करत कापून देई. जोतीराम मात्र ब्लेड, स्टीलची पट्टी आणि अंदाज एवढ्यावर कापायचा. आणि त्याची अक्षरं तालुक्यात कुठंही, कितीही लांबून ओळखू यायची.

त्या अक्षरांचा जन्म म्हशीच्या पायाखाली झाला. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. आत जागा नाही म्हणून जोतीराम रस्त्याच्या कडेला कागद पसरून बसला होता. म्हशींचा तांडा आला. तो बाजूला झाला, पट्टी तिथंच राहिली. एका म्हशीनं नेमका तिच्या टोकावर पाय दिला आणि काही आठवल्यासारखी तिथंच थांबली. म्हैस गेली तेव्हा पट्टीचं उजवं टोक वर उचललं होतं. नवी आणावी म्हणून तो उठला, तेवढ्यात एक ट्रकवाला घाईनं आला. "आई-वडिलांची पुण्याई" लिहून पाहिजे, आत्ताच्या आत्ता, माल भरून उभा आहे. नाही म्हणणं जोतीरामाच्या स्वभावात नव्हतं. त्यानं त्याच पट्टीवर कापलं. प्रत्येक शब्दाची शिरोरेखा उजवीकडं चढत गेली आणि शेवटी पीळ दिलेल्या मिशीसारखी वर वळली.

"चुकलंय हो पावणं," जोतीराम पुटपुटला. "काढून दुसरं देतो."

ट्रकवाला चार पावलं मागं सरकला. मान तिरकी करून बघितलं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या मिशीकडं गेला. "हात लावशील तर बघ," तो म्हणाला. "ह्येच पायजे."

पुढच्या आठवड्यात आणखी चौघं तसलंच मागत आले. मग पट्टी बदलायची राहूनच गेली.

शिरोरेखेनं मिशी वाढवल्यावर बाकीचे अवयव कसे गप्प बसतील? काना बुडाशी जाड झाला, मांडी ठोकून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखा. वेलांटी फेट्याच्या तुऱ्यासारखी उडाली. ‘न’ छाती काढून चालू लागला. ‘ळ’ म्हणजे टक्कर लागलेले दोन एडके. त्या अक्षरांत काहीही लिहिलं तरी ते आव्हानच वाटायचं. उसाचे ट्रॅक्टर, तालमीच्या पाट्या, दुधाचे टेम्पो, मंडळांच्या जीपगाड्या, सगळ्यांवर ती शोभायची. ज्याचा दोन ओळींचा निरोप कुणी ऐकून घेत नव्हतं, त्याच्या टेम्पोवरचं नाव वाचून लोक वाट द्यायचे.

सगळीकडं मात्र ती चालत नसत. एका शाळेच्या बसवर "हळू चालवा, आत मुले आहेत" लिहून दिलं, तर मागचे मोटरसायकलवाले ते पैजेसारखं घेऊन बसला घासून जायला लागले. एका देवळाच्या दारात "चपला येथे काढाव्यात" लावलं, तर भाविकांनी घाबरून मोजेही काढले, आणि एका म्हाताऱ्यानं हातातली काठीसुद्धा तिथंच ठेवली. गोमटेशच्या पुतण्याच्या, अभिनंदनच्या लग्नात नवऱ्याच्या गाडीवर "अभिनंदन आणि सोनल" असं मोठ्या हौसेनं लावलं. मुलीकडचा एक पाहुणा जयसिंगपूरहून आला होता. गाडीपुढं उभा राहून त्यानं विचारलं, "कुस्ती किती वाजता?" गोमटेशनं त्याला आतल्या बाजूला जेवायला बसवलं. जोतीरामानं मात्र दोन दिवस त्या गल्लीचं तोंड बघितलं नाही.

त्याची बायको शालन. तिचं त्यावर एकच म्हणणं असायचं. "सगळा ताठा कागदावर उतरवून येता आणि घरात रिकामं पोतं घेऊन येता. भाजीवाली रोज सडकं वांगं देत्या तुमास्नी, तिच्यापुढं एखादं अक्षर न्या की धरून."

मध्यंतरी गाड्यांच्या नंबरप्लेटी सरकारी झाल्या. सगळ्या एका मापाच्या, एका ठशाच्या. जोतीरामाचं निम्मं काम गेलं. तो कुणापाशी कुरकुरला नाही, कुरकुरला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. रिकाम्या वेळात तो दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची रंगवार गड्डी लावत बसायचा.

अशाच एका दुपारी राजनंदिनी आली. पन्हाळ्याची मुलगी, पुण्याला अक्षरांचंच शिक्षण घेतलेली. हेल्मेट काढलं तर तोंड सगळं उसाच्या धुरळ्यानं माखलेलं. 

"काका, जोतीराम लोहार तुम्हीच? तुमच्या अक्षरांच्या मागं मी आज ट्रॅक्टर धरून जयसिंगपूरपर्यंत गेले. शेवटी त्या ड्रायव्हरनंच थांबून विचारलं, बाई, काय पाहिजे. त्यानं पत्ता दिला."

"काय चुकलंय का त्यात?" जोतीरामानं विचारलं.

तिला काही चुकलेलं सापडलं नव्हतं. तिला ती अक्षरं संगणकात घालायची होती, म्हणजे कुणालाही टाइप करून वापरता येतील. त्यासाठी सगळी बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा हातानं कापून हवी होती. जोतीराम तीन महिने बसला. अर्धी अक्षरं त्यानं आयुष्यात कापलेली नव्हती. ‘ङ’ पुढं आल्यावर त्यानं कागद उलटा धरून बघितला. "हे कुठल्या ट्रकवर लिवत्यात?" पण कापलं. ‘ङ’लासुद्धा मिशी आली. ‘ऋ’ तर असा झाला, की शालननं तो भिंतीकडं तोंड करून ठेवला.

मुलगी सरळ होती. फॉन्टला तिनं ‘जोतीराम’ हेच नाव दिलं, आणि कुणालाही फुकट घेता येईल असा ठेवला. जोतीराम संकोचून गेला. "माझं कशाला, बाळ? द्यायचं तर त्या म्हशीचं नाव द्यायला पायजे."

फॉन्टच्या प्रकाशनाला एका सभागृहात कार्यक्रम झाला. बाहेरगावच्या एका विद्वानांनी पाऊण तास भाषण केलं. ही चढती शिरोरेखा म्हणजे प्रस्थापित क्षितिजाला दिलेला नकार आहे, हा ग्रामीण देहबोलीचा लिपीवरचा हल्ला आहे, असं बरंच काही. शेवटी जोतीरामाला उभं केलं. त्यानं माईकपासून हातभर लांब उभं राहून सांगितलं, "म्हशीनं पट्टीवर पाय दिला." सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेतले दोघं तर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी एका पेपरात छापून आलं, की लोहार यांच्या कलाविचारात म्हैस हे व्यवस्थेचं प्रतीक आहे. शालननं ते दोनदा वाचलं आणि पेपर फळीवर अंथरून त्यावर बरण्या ठेवल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्या कार्यक्रमाला सयाजीराव इंगवले नावाचे एक साहेब आले होते.

इंगवले साहेब एका सरकारी कचेरीचे प्रमुख होते. कोणती कचेरी ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्यांना आपलीच वाटेल. ते नुकतेच एक प्रशिक्षण घेऊन आले होते, प्रशासन लोकांच्या जवळ कसं न्यावं या विषयाचं. जवळ नेण्यासारखं दुसरं काही सापडेना, म्हणून त्यांनी हुकूम काढला: यापुढं कचेरीतल्या सर्व पाट्या, सूचना आणि नोटिसा ‘जोतीराम’ अक्षरांत निघतील. स्थानिक अस्मिता आणि लोकाभिमुखता, दोन्ही एका दमात.

त्या कचेरीच्या व्हरांड्यात आधीही सूचना होत्या. वर्षानुवर्षं होत्या. बारीक, फिकट, एकावर एक चिकटवलेल्या. त्यांच्या आडोशाला कबुतरं अंडी घालायची. त्या कुणी वाचत नव्हतं, आणि म्हणून सगळं सुरळीत चाललं होतं.

नव्या पाट्या लागल्या आणि लोक वाचायला लागले.

"रांगेत उभे राहावे." वाचणारा पहिलाच माणूस कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कुणाला सांगतोय रं ह्यो?" पण राहिला उभा. आणि मागून मधे घुसणाऱ्याला त्यानं पाटीकडं बोट दाखवून असा बाहेर काढला, की त्या दिवशी कचेरीत प्रथमच ओळखीच्या माणसाचं काम ओळखीवर झालं नाही.

"दाखला मिळण्यास सात दिवस लागतील." पूर्वी हे वाक्य कुणाच्या डोळ्यात भरत नव्हतं, त्यामुळं दाखल्याला चाळीस दिवस लागले तरी तक्रार नव्हती. आता प्रत्येक जण ते वाचून म्हणायचा, "सात? बरं. बघतोच." आणि आठव्या दिवशी सकाळी चुलत्याला घेऊन हजर.

सर्वांत वाईट झालं ते "जेवणाची वेळ : १ ते २" या पाटीनं. मिशीवाल्या अक्षरांत ती वेळ एखाद्या लढतीची वाटू लागली. लोक घड्याळं काढून समोर उभे राहायचे. मुरगूडकडचा एक शेतकरी तर बाकावर बसून मोठ्यानं मिनिटं सांगायचा. "एक वाजून पंचावन्न. छप्पन्न. सत्तावन्न." कारकुनांचा शेवटचा घास घशात अडकू लागला. दोनला दोन मिनिटं कमी असताना सगळे जागेवर. असं त्या इमारतीनं बांधल्यापासून बघितलं नव्हतं.

याच सुमाराला त्याच कचेरीतून उद्यमनगरात नाल्यावरच्या सतरा दुकानांना नोटिसा आल्या. "आपले दुकान पंधरा दिवसांत हटवावे."

जोतीरामानं नोटीस हातात घेतली. आधी त्याचं लक्ष गेलं ते ‘ह’ आणि ‘ट’ यांच्यामधल्या अंतराकडं. फार सैल सोडलं होतं. टाइप करणाऱ्यानं ध्यान दिलं नव्हतं. मग वेलांटीकडं. ती बरी होती. मग त्याला अर्थ लागला, आणि तो तसाच फरशीवर बसला. तीस वर्षं ही अक्षरं त्यानं दुसऱ्यांच्या पाठीवर चिकटवली होती. समोरून येताना ती कशी दिसतात हे त्याला कळलं नव्हतं.

शालन डबा घेऊन आली होती. तिनं कागद वाचला. "अवो, तुमचीच पोरं तुमच्यावर उठली की."

गोमटेश म्हणाला, "जोत्या, जा साहेबाकडं. तुझ्या नावाचा फॉन्ट हाय. न्हाय म्हंजे काय, ओळख दाखव."

जोतीराम गेला. दारात त्याला वाटलं, परत फिरावं. पण इंगवले साहेबांनीच त्याला बघितलं आणि खुर्चीतून उठले. "या, या! आम्ही तुम्हाला बोलावणारच होतो."

साहेबांचे डोळे खोल गेले होते. त्यांनी दार लावून घेतलं.

"लोहार, अक्षर फार उत्तम आहे. प्रश्नच नाही. पण त्याचा परिणाम होतोय."

"म्हंजे?"

"लोक वाचतात हो." साहेब खुर्चीत मागं रेलले. "आता सूचना लावल्याशिवाय चालत नाही, तो नियम आहे. आणि लावली की हे वाचतात. वाचतात आणि तसं वागा म्हणतात. माझे चार कारकून रजेवर गेलेत. तुम्ही आम्हाला एक दुसरं अक्षर करून द्या. सौम्य. नम्र. कसं सांगू... नजर त्यावरून जावी, पण थांबू नये. सूचना लावलेली असावी, पण वाचली जाऊ नये."

"कुणीच वाचू नये असं अक्षर?"

"अगदी बरोबर! तुम्ही कलाकार, लगेच समजलात." मग साहेबांचा आवाज मऊ झाला. "तेवढं करा. तुमच्या दुकानाचंही मग पाहता येईल."

जोतीरामानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, "व्हय."

त्यानं नवी, सरळ पट्टी आणली आणि अकरा दिवस दुसरं काही केलं नाही. आधी बारीक कापून बघितलं. मग फिकट राखाडी कागद घेतला. मग शिरोरेखा काढूनच टाकली, काने वाकवले, वेलांट्या खाली पाडल्या. रोज एक नमुना भिंतीला लावायचा आणि गोमटेशला नुसतं "चहा घ्यायला ये" म्हणून बोलवायचा. गोमटेश येता येताच मोठ्यानं वाचायचा. "‘चौकशी समोरच्या खिडकीवर करावी.’ कुठल्या खिडकीवर रं?" सहाव्या दिवशीचा नमुना बघून तो म्हणाला, "बारीक हाय, पण दात खातंय." नवव्या दिवशी तर जोतीरामाला वाटलं, जमलं. अक्षरं इतकी निर्जीव झाली होती, की त्याचं त्यालाच बघवेना. शालननं डबा ठेवला आणि थेट भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

"का बघालीस?" त्यानं विचारलं.

"मेल्यागत दिसत्यात. मेलेल्याला बघायला माणसं जास्तच जमत्यात."

बाराव्या दिवशी तो नमुन्यांची सुरळी काखेत घेऊन कचेरीत गेला. वीज गेली होती. पंखे बंद, म्हणून साहेबांच्या खोलीचं दार उघडं आणि बाहेर तीसेक माणसांची रांग. पंखे थांबले की त्या इमारतीत किती शांतता असते हे कुणालाच माहीत नव्हतं.

"झालं?" साहेबांनी हात पुढं केला.

"जमत न्हाय साहेब."

"अहो, प्रयत्न करा. अवघड काय आहे त्यात? आमचं जुनं अक्षर तसलंच होतं की."

जोतीरामानं सुरळी टेबलावर ठेवली. मग त्याच्या नेहमीच्या आवाजात, जो पंखा चालू असता तर टेबलापलीकडं गेला नसता, तो म्हणाला, "साहेब, ज्ये कुणी वाचायचंच न्हाय, त्ये लिवताच कशाला?"

रांगेत पुढं उभ्या असलेल्या बाईनं ते ऐकलं. तिनं मागच्याला सांगितलं. मागच्यानं त्यात थोडी भर घातली. जिन्यापर्यंत पोचेस्तोवर जोतीरामानं टेबलावर हात आपटला होता. फाटकापाशी त्यानं साहेबांची कॉलर धरली होती. रंकाळ्याला पोचली तेव्हा बातमी अशी होती, की उद्यमनगरातल्या एका लोहारानं कचेरीत जाऊन दोघांना लोळवलं. गोमटेशनं संध्याकाळी येऊन त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. "लागलं न्हाय न्हवं कुठं?"

"मी नुसतं इचारलं," जोतीराम म्हणाला. पण ते नेहमीप्रमाणं कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. कचेरीनं मिशीवाल्या पाट्या उतरवल्या आणि संगणकातलं जुनं, मुंगीएवढं अक्षर पुन्हा आणलं. महिन्याभरात कबुतरं परतली. जेवणाची सुट्टी तीनपर्यंत लांबली, सात दिवसांचे चाळीस झाले, आणि कुणी भांडायला येईना. तक्रारी शून्यावर आल्याबद्दल इंगवले साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराच्या फलकावरचं नावसुद्धा मुंगीएवढंच होतं, त्यामुळं पाहुण्यांनी त्यांना भाषणात दोनदा इंगळे म्हटलं.

उद्यमनगरातही पहिल्या नोटिशीच्या जागी दुसरी आली, त्याच बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी भरलेली. सोळा दुकानदारांनी ती घडी घालून फळीवर ठेवली. जोतीरामाला मात्र अक्षर दिसलं की वाचायची खोड. त्यानं डोळ्याला भिंग लावून मागच्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिथं लिहिलं होतं: जे आठ दिवसांत अर्ज करतील, त्यांना सरकारी गोदामामागच्या शेडमध्ये गाळा मिळेल, बाकीच्यांचा हक्क राहणार नाही.

नोटिशीवरच्या तारखेपासून सहा दिवस उलटून गेले होते. तो उठला आणि दुकानादुकानात गेला. कुणी ऐकेना. "काय म्हंतोस? मोठ्यानं बोल की!" तिसऱ्या दुकानापासून त्यानं बोलायचं सोडलं. परत येऊन वाकडी पट्टी काढली, लाल रेडियम काढलं, आणि दोन वितींच्या अक्षरांत कापलं: "उद्या अर्ज नाही तर गाळा नाही." तो कागद त्यानं नाल्याच्या तोंडाला वीजखांबावर लावला. अर्ध्या तासात तिथं गर्दी, आरडाओरडा, कोण म्हणतंय, कुठं लिहिलंय, दाखव. दुसऱ्या दिवशी सतराच्या सतरा जण अर्ज घेऊन कचेरीत. कारकुनाला कळेना, यांना कळलं कसं.

गाळे मिळाले. रस्त्यापासून आत, पत्र्याची शेड, उन्हाळ्यात भट्टी. शेडचा नियम असा, की प्रत्येक गाळ्यावर एकाच मापाची, एकाच पांढऱ्या अक्षरांची पाटी. जोतीरामाची पाटी मशिनीवर कापून आली: "गाळा क्र. १७, रेडियम". तिच्यावर त्याचं नाव नव्हतं. त्यानं ती लावली. शालननं विचारलं, "असलं चालतंय तुमास्नी?" तो म्हणाला, "त्यांच्या भिंतीवर त्यांचं." मग ब्लेड पुसत, "गाड्या लोकांच्या हायत."

गाड्या येतात. कमी येतात, पण येतात. परवा एक बॅटरीवाली रिक्षा घेऊन एक बाई आली. पन्नाशीची, किडकिडीत, नवीनच चालवायला शिकलेली. ब्रेक लागेपर्यंत रिक्षा गाळ्याच्या उंबऱ्यावर चढली होती.

"काय लिवायचं मावशी? देवाचं नाव?"

"देवाचं कशाला? देव चालवत्यात व्हय रिक्षा? माझं लिवा. धोंडुबाई. मोठ्ठं."

त्यानं पिवळं रेडियम घेतलं आणि कापायला बसला. ती बाजूला उभी राहून बघत होती. अनुस्वार लावताना तिनं श्वास रोखून धरला. काचेवर नाव चढल्यावर लांब जाऊन वाचलं, जवळ येऊन वाचलं, बोटानं एकेक अक्षर पुसून घेतलं. मग रिक्षा मागं घेतली, गोमटेशच्या बादलीला धडक दिली, आणि न थांबता फाटकाकडं निघाली. समोरून एक टेम्पो आत येत होता. काचेवरचं नाव वाचून त्यानं गाडी बाजूला घेतली.

जोतीराम दारात उभा राहून बघत होता. ‘ध’ केसभर डावीकडं सरकलाय, असं त्याला वाटलं. पण तोवर रिक्षा वळून मोठ्या रस्त्याला लागली होती.